बारा पोरांचा भागाकार

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयातून एक पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभ्या करण्याचे प्रस्ताव पाठवा, असे त्यात म्हटले होते. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ यांची नावे होती. त्या निमित्ताने तीन आकडे वर्तमानपत्रांतून सगळीकडे छापून आले. अशा शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुले १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. पुढे ओरड झाली, कोणतीही शाळा बंद करणार नाही असे सरकारने सांगितले, आणि विषय मागे पडला. आकडे मात्र मागे पडले नाहीत. ते माणसांच्या डोक्यात जाऊन बसले आणि तिथे त्यांचा भागाकार सुरू झाला.

भागाकार सोपा आहे. शाळेमागे साडेबारा मुले, शाळेमागे दोन शिक्षक, शिक्षकामागे सहा मुले. मग कोणीतरी शिक्षकाचा पगार काढतो, त्याला सहाने भागतो आणि म्हणतो, 'अहो, एका पोरावर सरकार दीड लाख घालवतंय. तेवढ्यात शहरातल्या चांगल्या इंग्रजी शाळेत घालता येईल की!' हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी निवृत्त अधिकाऱ्यांकडून ऐकले, एका शिक्षणसंस्थेच्या विश्वस्ताकडून ऐकले, आणि ज्यांची स्वतःची मुले खासगी शाळेत जातात अशा दोघा जिल्हा परिषद शिक्षकांकडूनही ऐकले. वाक्य खोटे नाही. पण ते खरे असण्यासाठी कितीतरी गोष्टी हिशेबाबाहेर ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. उमेदीची सत्तावीस वर्षे मी सहकारी संस्थांच्या खातेवह्या लिहिण्यात आणि तपासण्यात काढली. ती सवय घेऊन जिल्हा परिषदेची अंदाजपत्रके, संचमान्यतेचे तक्ते आणि शालेय शिक्षण विभागाचे शासन निर्णय वाचू लागलो, त्याला आता चौदा वर्षे होतील. खातेवहीत एक नियम पक्का असतो. कोणी 'दर नगी खर्च' सांगितला की आधी विचारायचे : अंशात काय धरले, छेदात काय धरले, आणि कोणत्या तारखेला मोजले?

अंशापासून सुरुवात करू. प्राथमिक शाळेच्या खर्चात पगार सोडला तर उरते फार थोडे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे बारा मुलांच्या शाळेला खडू, डस्टर, विजेचे बिल, नळाची तोटी, फुटलेली कौले या सगळ्यासाठी महिन्याला साडेसातशे रुपये उरतात. (तीस मुलांच्या शाळेत एकतिसावे मूल आले की अनुदान एकदम १५,००० रुपयांनी वाढते. असे मूल शोधण्यासाठी मुख्याध्यापक जूनमध्ये जी पायपीट करतात, तिला कोणत्याच हिशेबात जागा नाही.) गणवेशाचे दोन संच मिळून ६०० रुपये. पोषण आहाराचा तांदूळ सोडून डाळ-भाजी-तेल-इंधनाचा खर्च मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. पाठ्यपुस्तके धरा, स्वयंपाकीण बाईंचे महिना २,५०० रुपये मानधन धरा. हे सगळे मिळवले तरी बारा मुलांच्या शाळेचा वर्षाचा पगाराव्यतिरिक्त खर्च एका शिक्षकाच्या एका महिन्याच्या पगाराच्या आसपास घुटमळतो. तेव्हा 'मुलामागे खर्च' म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो जवळजवळ संपूर्णपणे 'शिक्षकाचा पगार भागिले मुले' असतो.

आता हा पगार पाहा. प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. वीस-बावीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाचे मूळ वेतन सोयीसाठी ५०,००० धरू. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता आणि खेड्यातला १० टक्के घरभाडे भत्ता धरला तर महिन्याला ८२,५०० होतात, वर्षाला ९ लाख ९० हजार. असे दोन शिक्षक बारा मुलांच्या शाळेत असतील तर मुलामागे खर्च येतो १ लाख ६५ हजार रुपये. हाच तो दीड लाखाचा आकडा.

उद्या त्या दोघांची बदली झाली आणि त्यांच्या जागी दोन नवे शिक्षणसेवक आले असे समजा. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६,००० रुपये मानधन आहे, त्याआधी ते ६,००० होते. दोघांचे वर्षाचे ३ लाख ८४ हजार होतात. मुले तीच बारा, खोल्या त्याच दोन, छपरातून गळणारे पाणीही तेच. खर्च मात्र मुलामागे ३२,००० वर आला. आणखी मागे जाऊ. २००० नंतरच्या दशकात वाड्यापाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या तेव्हा स्वयंसेवकाला सुरुवातीला महिना १,००० रुपये मिळत. बारा मुलांच्या वस्तीशाळेत त्या वेळी मुलामागे पगाराचा खर्च वर्षाला १,००० रुपये होता. पुढे या शाळा जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या. लांब लढा देऊन स्वयंसेवक २०१४ मध्ये सेवेत कायम झाले. आज त्यांतल्याच एखाद्या शाळेवर बोट ठेवून 'एवढा खर्च परवडतो का' असे विचारले जाते. त्या माणसाने एक हजारावर शिकवले त्या वर्षांत सरकारचे किती वाचले, हे मात्र कोणी विचारत नाही.

बदल्यांचे नियम ज्यांना माहीत आहेत त्यांना इथे आणखी एक गंमत दिसेल. अवघड क्षेत्रातल्या शाळेवर नवा, तरुण शिक्षक जातो आणि जुना, ज्येष्ठ शिक्षक सोयीच्या, रस्त्यालगतच्या शाळेकडे येतो, हा सर्वसाधारण कल आहे. म्हणजे डोंगरातल्या लहान शाळेचा दर मुलामागचा खरा खर्च सरासरी पगार धरून काढलेल्या आकड्यापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. सगळ्यांचा पगार सारखा धरून केलेला भागाकार डोंगरातल्या पोरांच्या नावावर गावातल्या ज्येष्ठ शिक्षकाची वेतनवाढ टाकतो.

अंशाची दुसरी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये म्हणते, पण त्यातच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना सूट देते. मतदार याद्यांचे काम वर्षभर चालते. दोन शिक्षकांपैकी एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असला की त्याचे कित्येक दिवस निवडणूक यंत्रणेचे असतात. पगार मात्र शिक्षण विभागाच्या लेखाशीर्षात पडतो आणि तिथून मुलांच्या डोक्यावर. सहकारी संस्थेत एका खात्याचा नोकर दुसऱ्या खात्याने वापरला आणि खर्च वळता केला नाही, तर लेखापरीक्षक शेरा मारतो. इथे शेरा मारणारा कोणी नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझा हिशेबही एकतर्फी होईल. निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन सर्वसाधारण शिक्षणाच्या २२०२ या प्रधान शीर्षाखाली येत नाही, ते २०७१ खाली जाते. शाळेच्या जागेची किंमत, गावाने श्रमदानाने घातलेली भिंत, वर्गणीतून आणलेला टीव्ही, शिक्षकांनी खिशातून भरलेले विजेचे बिल यांतले काहीच अंशात नसते. आदिवासी विकास विभागाच्या आणि समाजकल्याणच्या आश्रमशाळांचा खर्च वेगळ्या विभागांच्या मागण्यांत असतो. तेव्हा 'सरकार मुलामागे इतके खर्च करते' असे ठामपणे सांगणाऱ्याला प्रथम विचारावे, कोणत्या पुस्तकातले कोणते शीर्ष धरलेत? मुंबई महापालिकेचे उदाहरण घ्या. तिचे २०२५-२६ चे शिक्षणाचे अंदाजपत्रक ३,९५५ कोटींचे आहे. त्याला विद्यार्थिसंख्येने भागून लाखाच्या पुढचा आकडा दरवर्षी बातमीत येतो. पण ते अंदाजपत्रक आहे, झालेला खर्च नाही, आणि त्यात इमारतींचे बांधकाम आणि दुरुस्तीही आहे. पन्नास वर्षे टिकणारी इमारत एका वर्षाच्या मुलांवर लादली तर ती मुले महागच दिसणार.

आता छेद. मुले मोजणे हे सोपे काम वाटते, पण महाराष्ट्रात पट मोजण्याला तारीख आहे आणि अट आहे. तारीख साधारण ३० सप्टेंबरची. अट आधारची. ज्याचे आधार वैध ठरले तेच मूल संचमान्यतेत धरायचे. वर्गात बसलेले, हजेरीत नाव असलेले, दुपारी जेवणारे मूल आधारवरच्या नावात वेलांटी चुकली म्हणून छेदातून वगळले जाते. छेद लहान झाला की भागाकार मोठा होतो. मूल एक पैसाही जास्त न खाता महाग होते. भटक्या कुटुंबांतली, वीटभट्टीवरची, पालावरची मुले यांच्या कागदपत्रांची अवस्था पाहिली की ही अट नेमकी कोणाला महाग ठरवते ते कळते.

लहान शाळा सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि १४,७८३ हा आकडा हे झाकून ठेवतो. एक शाळा डोंगरातल्या पाड्यावरची. तिथे सहा ते दहा वयाची मुलेच बारा आहेत, आणखी येणार कुठून? दुसरी बीड किंवा नगरकडच्या ऊसतोड गावातली. दसरा झाला की आईबापांबरोबर मुले कारखान्याच्या तळावर जातात. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर काही थांबतात, नाहीतर वर्ग रिकामा. तिसरी शहराच्या कडेची. तिथे मुले भरपूर आहेत, पण पिवळ्या गाड्या येऊन ती इंग्रजी शाळेत घेऊन जातात. तिसऱ्या प्रकारच्या काही शाळा एकत्र कराव्यात याला माझा विरोध नाही. एकाच गावात हाकेच्या अंतरावर दोन शाळा आणि दोन्हींत मिळून पंधरा मुले असतील, तर दोन्ही चालवण्यात कसला पुरोगामीपणा? पण पहिल्या प्रकारच्या शाळेला तोच नियम लावणे म्हणजे घाट आणि पठार एकाच मोजपट्टीने मोजणे.

समूह शाळेच्या बाजूने जाहीरपणे मांडली गेलेली कारणे मुख्यतः शैक्षणिक होती, आणि ती पोकळ नाहीत. चार इयत्ता एका खोलीत, एका शिक्षकाकडे. बरोबरीचे सवंगडी नाहीत. खो-खोचा संघ होत नाही. हे मी पाहिलेले आहे. एका पाड्यावर तिसरीत एकच मुलगी होती आणि तिला 'जोडीत वाचा' असे पुस्तकातले काम शिक्षकाशी जोडी करून करावे लागत होते. मात्र हा प्रश्न नवा नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विखुरलेल्या वस्तीच्या देशात ही शाळा राहणारच आहे, तेव्हा तिच्यासाठी वेगळी अध्यापनपद्धती आणि वेगळे प्रशिक्षण द्यावे, ही त्या विचाराची दिशा होती. सत्तर वर्षांत आपण बहुवर्ग अध्यापनाला शिक्षक प्रशिक्षणात किती तास दिले? खोलीत चार इयत्ता असतात हे वास्तव, आणि पुस्तके, परीक्षा, पाठटाचण सगळे एका खोलीत एक इयत्ता असे गृहीत धरून. असे चालवून मग लहान शाळा निकामी आहे म्हणणे सोपे आहे.

पण मला खर्चाबद्दलच बोलायचे आहे. समजा ती बारा मुलांची शाळा बंद केली. सरकारचे काय वाचले? शिक्षकांना काढून टाकता येत नाही. ते अतिरिक्त ठरतात आणि त्यांचे समायोजन होते. पगार चालूच. संयुक्त अनुदानाचे १०,००० वाचले. स्वयंपाकीण बाईंचे दहा महिन्यांचे २५,००० वाचले. बाई घरी बसल्या, बहुधा त्या गावातली एकटीच पगाराची बाई. एकूण बचत ३५,००० रुपये. आता मुलांना दूरच्या शाळेत न्यायचे, तर वाहतुकीसाठी समग्र शिक्षेत मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. बारा मुलांचे ७२,०००. म्हणजे बंद करण्याच्या दिवशी खर्च वाढतो. खरी बचत तेव्हाच होते, जेव्हा ते दोन शिक्षक निवृत्त झाल्यावर त्यांची पदे भरली जात नाहीत. एकत्रीकरणाचा हिशेब शेवटी पदे रद्द करण्याचा आहे. तसे असेल तर तसे सांगावे, लोकांना त्यावर वाद घालता येईल. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आणि त्याच सप्टेंबरात निघालेला, कमी पटाच्या शाळांत एक पद महिना १५,००० रुपयांच्या कंत्राटी शिक्षकाने भरण्याचा निर्णय, ही दोन्ही कागदपत्रे समोर ठेवली की रोख कुठे आहे ते दिसते. त्या सप्टेंबरात राज्यभरचे प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले. पगाराच्या लोभाने गेले, असे लिहिणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहिली असती तर बरे झाले असते. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे ती म्हणते. किमान किती मुले हवीत, असे ती कुठेच म्हणत नाही.

एका कागदावर हे सरकार मूल इतके महाग समजते. आता दुसरा कागद पाहा. याच कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. त्या मुलांची फी सरकार भरते. किती? तर सरकार स्वतःच्या शाळांत मुलामागे जेवढे खर्च करते तेवढे, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी असेल ते. महाराष्ट्राने हा मुलामागचा खर्च बरीच वर्षे १७,६७० रुपये धरला आहे. करोनाच्या २०२०-२१ या वर्षासाठी तो ८,००० वर आणला गेला. शाळा बंद होत्या हे खरे, पण त्या वर्षी जिल्हा परिषद शिक्षकांचे पगार काही निम्मे झाले नव्हते. मुलामागचा खर्च जर खरोखर मोजून काढलेला असता तर तो असा अर्ध्याहून खाली आलाच नसता.

म्हणजे शाळा चालवायची तेव्हा मूल दीड लाखाचे, आणि तेच मूल दुसऱ्याच्या शाळेत पाठवून पैसे मोजायचे तेव्हा १७,६७० चे. तिसरा आकडाही आहे. आदिवासी विकास विभाग आपली मुले 'नामांकित' इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो, तेव्हा शाळेच्या श्रेणीप्रमाणे मुलामागे वर्षाला पन्नास ते सत्तर हजार रुपये देतो. यात राहणे-जेवण आहे हे धरूनही, एकाच राज्याच्या एकाच तिजोरीतून एकाच वयाच्या मुलाचे तीन भाव निघतात. केंद्राच्या नमुना नियमांत मुलामागचा खर्च कसा काढायचा त्याची रीत दिलेली आहे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांवरचा वर्षाचा आवर्ती खर्च भागिले त्या शाळांतली एकूण मुले, अनुदानित खासगी शाळा त्यातून वगळून. ही रीत वापरून, लेखाशीर्षे दाखवून, दरवर्षी आकडा जाहीर करायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की एकदा आकडा जाहीर झाला की तो दोन्हीकडे वापरावा लागेल.

खासगी शाळाचालकांची थकबाकीची तक्रार खरी आहे, पण त्यांची बाजू घेताना मी हात आखडता घेतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेवर पंचवीस टक्क्यांचे बंधन नाही. पैसे द्यायला नकोत म्हणून सरकार खूष, आणि 'तसली' मुले घ्यायला नकोत म्हणून कित्येक शाळा खूष. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द ठरवला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. खर्चाचा प्रश्न सोडवण्यासाठी मुलांनाच कायद्याबाहेर ठेवण्याचा हा मार्ग बंद झाला, पण ज्या मनोवृत्तीने तो काढला ती शाबूत आहे.

ही मनोवृत्ती जुनी आहे आणि तिच्याशी भांडणही इथेच जुने आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई, त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी हाच धागा धरला. पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि ज्या कामासाठी हा कर घेतला ते कामच होत नाही. 'एका मुलामागे किती खर्च' हा फुल्यांचा प्रश्न नव्हता. 'कोणाच्या पैशातून, कोणाच्या मुलावर' हा होता. त्याच काळात अनुदानित शाळांना निरीक्षकाच्या परीक्षेत जितकी मुले पास तितके पैसे, अशी पद्धत होती. परिणाम असा की हमखास पास होणारी मुले हवीशी आणि बाकीची नकोशी झाली. मुलाला भाव लावला की कोणते मूल टाकून द्यायचे हेही आपोआप ठरते. पुढे गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्याला झालेल्या विरोधात खर्च कोण करणार हा मुद्दा होताच. बडोद्यात सयाजीरावांनी तोवर, १९०६ मध्ये, संस्थानभर सक्ती लागू केलेली होती आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केली. ही दोन्ही संस्थाने इंग्रज सरकारच्या तिजोरीपुढे अगदीच लहान होती.

स्वातंत्र्यानंतर आपण दुसरी वाट धरली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण पगाराचा पैसा राज्याचा, धोरण राज्याचे, अलीकडे योजना केंद्राच्या. समग्र शिक्षेत केंद्र साठ आणि राज्य चाळीस. माध्यमिक शिक्षण अनुदानाच्या वाटेने बहुतांश खासगी संस्थांकडे सोपवले. त्यातून रयत शिक्षण संस्थेसारखे मोठे काम उभे राहिले, आणि 'कायम विनाअनुदानित' नावाचा एक प्रकारही निघाला. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढला तरी वीस-वीस टक्क्यांनी अनुदान मिळवण्यासाठी शिक्षक अजून आझाद मैदानावर बसतात. शहरात घरपट्टीच्या पावतीवर 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. १९६२ च्या राज्याच्या कायद्याने तो उपकर महापालिका-नगरपालिकांमार्फत वसूल होतो. केंद्राचा शिक्षण उपकर २००४ पासून आहे, आता आरोग्य धरून तो चार टक्के आहे. लोकल फंडापासून आजवर आपण शाळेच्या नावाने कर देत आलो आहोत. तो कर देणाऱ्यांत पाड्यावरचा माणूसही आहे. तो मीठमसाला घेतो, डिझेलच्या जीपमधून बाजाराला जातो, मोबाइलचे रिचार्ज मारतो आणि या प्रत्येकावर कर भरतो.

खासगी शाळा स्वस्त, हा दावाही तपासला पाहिजे. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये शिक्षणावरच्या घरगुती खर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. देशभरात सरकारी शाळेतल्या मुलामागे घराचा सरासरी खर्च वर्षाला २,८६३ रुपये आणि बिगरसरकारी शाळेतल्या मुलामागे २५,००२ रुपये. खासगी शाळा सरकारला स्वस्त पडते ती अशी, की बिल घरावर जाते. शिवाय त्या शाळेच्या शिक्षिकेला सहीच्या कागदावर एक आणि हातात दुसरा पगार मिळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना आपल्याच नात्यातल्या कुणा ताई-वहिनीमुळे ठाऊक असते. स्वस्ताई कोणीतरी सोसत असते.

राहता राहिला एक रुपया. पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींसाठी राज्याने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आल्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. त्या काळी मजुरीवर जाणाऱ्या आईबापांनी धाकट्याला सांभाळायला मुलीला घरी ठेवू नये म्हणून तो होता, आणि तेव्हा एका रुपयाला थोडी किंमत होती. त्यानंतर तीन वेतन आयोग आले, आमदारांचे वेतन-भत्ते कितीतरी वेळा वाढले, महागाई भत्त्याची टक्केवारी वर्षातून दोनदा हलते. मुलीचा रुपया रुपयाच राहिला. या रुपयासाठी शिक्षकाने रोज वेगळी नोंद ठेवायची, वर्षाअखेर यादी करायची, खाते क्रमांक जोडायचे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. एका मुख्याध्यापिका बाईंनी मला तो तक्ता दाखवला. पाच मुली, हजेरीचे दिवस धरून एकूण ९८६ रुपये. त्या पाच मुलींची खाती काढायला आईबापांचे तालुक्याला दोन-दोन हेलपाटे झाले होते. जीपचे जाऊन-येऊन भाडे माणशी १२० रुपये, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी.